फर्निचर क्रमांक सतरा

एका जंगलात, बाळांनो, एक बँक होती. हसू नका. जंगलात एक वेळ पाणी नसेल, पण बँक असते. हिचं नाव पाणवठा विभागीय बँक.

तिथे कोंडिबा नावाचा शिपाई होता. जातीने कासव. झाडलोट करायचा, साहेबांना चहा द्यायचा आणि तिजोरी उघडायचा. ती तिजोरी म्हणजे महाखट्याळ! डावीकडून खांदा लावून रेटल्याशिवाय उघडायचीच नाही, आणि ते जमायचं एकट्या कोंडिबाला.

एके दुपारी हेड ऑफिसातून साळिंदर तपासनीस आले. बँकेच्या सामानाची मोजदाद करायला. कोंडिबा तेव्हा जेवून, कवचात मान घालून डुलकी काढत होता. पाठीवर साहेबांची कपबशी होती. साळिंदरांनी कपबशी पाहिली, पाठीवर टकटक केलं आणि पांढऱ्या रंगाने लिहून टाकलं, 'फर्निचर १७'.

कोंडिबाला वाटलं, बँकेने आपल्याला बिल्ला दिला. काय हरखला बिचारा! रोज सकाळी आकडा पुसून लख्ख करायचा.

तिकडे रजिस्टरात त्याची किंमत लागली, शंभर चिंचोके. वापरलेलं सामान झिजतं ना? म्हणून दर वर्षी दहा कमी. त्याला रोज मिळणारी पाल्याची जुडीसुद्धा 'फर्निचर दुरुस्ती'त लिहिली जायची. दहाव्या वर्षी नावापुरता एक चिंचोका उरला. काम मात्र होतं तेवढंच होतं.

आता कोंडिबा थकला. नदीकाठी उंबराखाली म्हातारपण काढावं, एवढीच त्याची इच्छा. तो मॅनेजर तरससाहेबांकडे गेला.

"साहेब, माझ्या पेन्शनचं बघा की."

साहेबांनी रजिस्टर उघडलं. "कोंडिबा, तुमची निव्वळ किंमत एक चिंचोका. आणि फर्निचरला पेन्शन नसते हो."

"अहो, पण मी बोलतोय ना तुमच्याशी!"

"रजिस्टरात बोलण्याचा रकाना नाही."

"दहा वर्षं चहा कुणाच्या हातचा प्यालात, साहेब?"

तरससाहेबांना वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. डोळे पुसत त्यांनी सतरा नंबर भंगाराच्या लिलावात टाकला.

कुठला उंबर आणि कुठली नदी! आता भंगारवाला नेईल तिकडे जायचं.

लिलावात मोडकं टेबल गेलं, बंद घड्याळ गेलं. सतरा नंबर पुकारला. कुणी बोली लावेना. मग खालून एक थकलेला आवाज आला, "एक चिंचोका."

कोंडिबानेच कोंडिबाला विकत घेतलं. पावती मागून घेतली, काखेत धरली आणि चालू लागला.

दुसऱ्या दिवशी तिजोरी उघडेना. बाहेर खातेदारांची ही गर्दी! रानडुकरं दारावर धडका देऊ लागली. तरससाहेब मागच्या दाराने धावत सुटले. फार धावावं लागलं नाही. कोंडिबा अजून फाटकापाशीच पोचला होता.

"कोंडिबा, चला हो मागे! अब्रू जाईल माझी!"

"मी कसला येतोय साहेब? फर्निचर मी. भाड्याने मिळेल. रोजचे पन्नास चिंचोके, आगाऊ."

"पन्नास? अहो, तुमची किंमत एक..."

"ती कालपर्यंत. आता मालक बदललाय." आणि त्याने पावती पुढे केली.

साहेबांनी पन्नास मोजले. भाड्याचा रकाना रजिस्टरात होता.

तात्पर्य: बाळांनो, इमानेइतबारे राबणाऱ्याची किंमत दर वर्षी घटत जाते. तेव्हा वेळीच भंगारात निघा. फक्त पावती मागायला विसरू नका.