अंधारातली चढाई

फ्रीजवर तो डुगडुगायला लागला, टीव्हीवर मावेना, आणि देवघरात ठेवायला अंजनाबाईंनी साफ नकार दिला. म्हणून जुन्नर-आंबेगाव कबड्डी लीगचा कमरेएवढा चषक शेवटी पिठाच्या डब्यावर चढवण्यात आला.

"म्हणजे भाकरीला पीठ काढायचं तर आधी याला उतरवायचं?"

"निकाल लागेपर्यंत 'जैसे थे' आदेश आहे," हौशीराम वकील म्हणाले.

"कुणाचा?"

"माझा."

हा 'माझा' उच्चारताना त्यांच्या आवाजात जी गोडी उतरली, ती अंजनाबाईंनी लग्नात त्यांनी नाव घेतलं तेव्हाही ऐकली नव्हती. त्यांनी निमूटपणे डबा बदलला.

जुन्नरच्या कोर्टात वकिलांची उमेदीची वर्षं वाटणीचे दावे चालवण्यात खर्ची पडली होती. न्यायाधीशाच्या परीक्षेला ते दोनदा बसले आणि दोनदा आपटले. बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांपैकी जो आधी वकीलपत्र देईल तो आपला. दुसऱ्याचं खरं आहे हे पोटात कळलं तरी ओठावर आणायची सोय नाही. माणसाने किती वर्षं दुसऱ्याच्या तोंडाने बोलावं? एकदा तरी स्वतःच्या मनाने निकाल द्यावा आणि चार लोकांनी तो ऐकून घ्यावा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

२००५ साली ती संधी चालून आली. लीगचा अंतिम सामना दरवर्षी हाणामारीत संपायचा. शेवटी आठ गावच्या पोरांनी ठरवलं, की कुठल्याच गावचा नसलेला, कायदा जाणणारा एक माणूस वर बसवायचा आणि त्याचा शब्द शेवटचा मानायचा. टीव्हीवर परदेशी सामने बघणाऱ्या कुणीतरी त्याला 'कमिशनर' म्हणायचं सुचवलं. वकिलांनी नवीन दावे घेणं बंद केलं, मैदानाकडेला खुर्ची टाकली आणि काळा कोट घालूनच ते तिथे बसू लागले. हंगामभर एकही तक्रार आली नाही. वकील मनातून थोडे खट्टू झाले.

तक्रार आली ती थेट अंतिम सामन्यात. लोणी आणि निरगुडसर बरोबरीत होते, आणि चढाई शेवटची. निरगुडसरचा सोपान लोणीच्या अंगणात शिरला, एका गड्याला शिवला, वळला, लोणीच्या आदेश नावाच्या पोराने त्याच्या पायाला मिठी मारली, आणि वीज गेली. लोडशेडिंगची वेळ नव्हती. त्यामुळे जनरेटरवाला भेळ खायला गेला होता. उजेड आला तेव्हा सोपानचा हात मध्यरेषेच्या पलीकडे होता, आदेशचे हात सोपानच्या पायाला होते आणि दोघेही आपणच जिंकलो म्हणून ओरडत होते. पंच म्हणाले, "मला काय मांजराचे डोळे न्हाईत. कमिशनर सांगतील."

हजारभर माणसं खुर्चीकडे वळली. सोपानचा हात दम सुटायच्या आत टेकला असेल तर निरगुडसर, नंतर टेकला असेल तर लोणी. वकिलांनी सोपानचं ऐकलं, त्यांना सोपानचं पटलं. आदेशचं ऐकलं, तेही पटलं. आणि मग वर्षानुवर्षांची सवय तोंडातून आपसूक बाहेर आली.

"दोन्ही बाजूंनी साक्षीदार आणावेत. पुढची तारीख..."

गर्दी हबकली, पण तारीख म्हटल्यावर आपल्याकडे माणूस घरी जातो. त्या वर्षी पहिल्यांदाच अंतिम सामना डोकी न फुटता संपला.

पहिल्या तारखेला लोणीचे गेणभाऊ, म्हणजे त्यांच्या संघाचे कारभारी, एसटीने आले. निरगुडसरचे कारभारी रखमाजी आपल्या जीपने आले. दोघांनी वकिलांच्या ओसरीवर एकमेकांकडे पाठ केली. रखमाजींचा साक्षीदार म्हणाला, "मी सोपानचा 'कबड्डी कबड्डी' आवाज शेवटपर्यंत कानानं ऐकला." गेणभाऊ म्हणाले, "तवा सारं मैदान बोंबलत व्हतं. ह्याला बरा सोपानच ऐकू आला." वकिलांना दोन्ही पटलं. तारीख.

दुसऱ्या तारखेला लोणीकडे कांदाकाढणी, तारीख. तिसऱ्या तारखेहून परत जाताना गेणभाऊंची एसटी चुकली आणि रखमाजींनी तोंड वाकडं करून त्यांना जीपमध्ये घेतलं. सगळी वाट तोंड वाकडं ठेवणं रखमाजींना जमलं नाही. लोणीला उन्हाळ्यात चाऱ्याची बोंब असते हे बोलण्यात निघालं. निरगुडसरला ऊसतोड चालू होती. पुढच्या तारखेपासून रखमाजी जीपमागे ट्रॉली जोडून उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं घेऊन लोणीला जायचे, जनावरांपुढे टाकायचे आणि गेणभाऊंना घेऊन जुन्नरला यायचे. सोपान आणि आदेश ओसरीबाहेर वाट बघून कंटाळले आणि अंगणातच सराव करू लागले. त्यात अंजनाबाईंची तुळस गेली.

"तुम्ही काय तो निकाल देऊन टाका," त्या म्हणाल्या. "हे लोक आता चहाला नाही, जेवायलाच येतात."

वकिलांना झोप लागेना. अखेर एका सकाळी दाढी करताना त्यांना लख्ख दिसलं. बाद झाला म्हणणाऱ्याने बाद झाल्याचं दाखवायला हवं. अंधाराचा फायदा सोपानला. निरगुडसर विजयी. त्यांनी साबणाच्या फेसासकट निकाल आरशाला ऐकवला. आरशाने काही हरकत घेतली नाही.

तारखेला त्यांनी कोट इस्त्री करून घातला. जीप आली. गेणभाऊ आणि रखमाजी एकाच पेढ्याच्या पुड्याला हात लावून आत आले.

"साहेब, मिटलं आमचं," रखमाजी म्हणाले. "सहा म्हयने चषक लोणीला, सहा म्हयने आमच्याकडं."

"पण माझा निकाल तयार आहे."

दोघांचे चेहरे पडले. "नगा सांगू, राव," गेणभाऊ म्हणाले. "सांगितला की कुनीतरी हारलं. मंग पोरं परत मैदानात लाकडं घेऊन उतरतील."

वकिलांच्या जिभेवर आख्खा निकाल उभा होता. शेवटचा शब्द त्यांचा होता. ते बोलले असते तर कुणी अडवणार नव्हतं. बाहेर सोपान आदेशला पायाची पकड कशी सोडवायची ते दाखवत होता. वकिलांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी पेढा उचलून तोंडात कोंबला.

चषक ट्रॉलीत चढला. रखमाजी जीप चालू करायला गेले, तसे गेणभाऊ मागे रेंगाळले.

"साहेब, आमीच हारलो व्हतो ना?"

वकील दचकले. "कशावरून म्हणता?"

"आदेशनं त्याच दिशी घरी सांगितलं. हात टेकला तवा सोपानचा दम चालू व्हता."

"मग इतके महिने तारखांना कशाला येत होता?"

गेणभाऊ ओशाळले. "वाढं चालू व्हतं ना." मग म्हणाले, "आन रखमाजी बरा मानूस हाये. पर त्याला ह्ये कळू देऊ नगा. तुमाला आईची आन."

जीप गेली. वकील स्वयंपाकघरात आले. अंजनाबाई जुना पिठाचा डबा जागेवर ठेवत होत्या.

"मी बरोबर होतो," वकील म्हणाले.

"कशात?"

वकिलांना गेणभाऊंनी घातलेली आईची आण आठवली, आणि त्यांनी कोट काढून खुंटीला अडकवला.