बी विंगमधली स्पिन लहर

शून्याखाली जवळजवळ दोनशे त्र्याहत्तर अंशांपर्यंत वायू थंड करण्यात माझा हात धरणारा अख्ख्या मुलुंडमध्ये कुणी नाही! असला तरी मला माहीत नाही, कारण नऊ वर्षांत मी शेजारच्या दाराशीसुद्धा बोललेलो नाही. एकट्याचा डबा, एकट्याचा चहा. त्यामुळे सोसायटीच्या सत्यनारायणाला सेक्रेटरी राजेशने मला ‘सायन्स’साठी दहा मिनिटं दिली, तेव्हा ठरवलं, आज माझं नाव सगळ्यांना कळणार म्हणजे कळणार.

आमच्या प्रयोगशाळेतल्या थंड वायूत सगळे अणू होकायंत्राच्या सुयांसारखे एकाच दिशेला रोखलेले असतात. एकमेकांपासून चांगले लांब. पण एका टोकाला थोडे कलले की ते कलणं पुढे पुढे सरकत जातं. हीच स्पिन लहर. मला ती फार आवडते. त्या वायूत एकटं कुणी पडत नाही.

मी वीस जणांना कंपाउंडमध्ये रांगेत उभं केलं. उजवा हात सरळ वर धरायचा, पुढच्याचा हात कलला की आपलाही कलवायचा आणि परत सरळ करायचा. मी सगळ्यांत पुढे.

रांग दिसली की आमच्या बी विंगला राहवत नाही. प्रसादाचीच समजून माणसं उतरत राहिली. शेपूट गेटबाहेर गेलं. मी खूश! हात कलवला आणि लहर सुरेख निघाली. पण गेटाजवळच्यांना माझं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्यांना फक्त दिसलं की पुढचा प्रत्येकजण हात हलवून ‘नाही’ म्हणतोय.

“अरे, शिरा संपला वाटतं!” कुणीतरी ओरडलं.

सगळे मंडपाकडे धावले. त्यांना बघून माझे वीस अणूही धावले. मी हात वर करून एकटाच उभा. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात शेजारच्या दारातल्या रत्नप्रभाकाकू शिऱ्याचा द्रोण घेऊन आल्या.

“घ्या. नवीन राहायला आलात काय?”

नऊ वर्षं म्हणालो असतो तर दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

“हो. परवाच.”

“मग सामान लावायचं असेल ना अजून? संध्याकाळी चहा घेऊन येते, हातभार पण लावते.”

शिरा तसाच हातात धरून मी वर धावलो आणि नऊ वर्षांचा संसार खोक्यांत भरायला घेतला.