दोन सिस्टीम, एक म्हैस

नारायण गुरुजींचं एक वाक्य अमरावतीतल्या त्यांच्या अख्ख्या गल्लीला पाठ होतं. "माणूस चुकेल, माझा लॅपटॉप चुकायचा नाही." गुरुजींचे गुडघे गेले होते, डोळे जायच्या वाटेवर होते, पंचांगातली बारीक अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. त्यात बडनेऱ्याचा एक नवा ज्योतिषी मोबाइलवर भविष्य सांगून त्यांचे यजमान पळवत होता. गुरुजी या सगळ्याला कंटाळून गेले होते. प्रश्न विचारला त्या क्षणाची कुंडली मांडून उत्तर द्यायचं, एवढीच काय ती ख्याती उरली होती, आणि ती कुंडलीही आता लॅपटॉपच एका बटणात काढून द्यायचा.

मुलगी अबोली हिला त्याच लॅपटॉपवर गेम खेळायचे होते. "तुमच्या ज्योतिषाला हातसुद्धा लावत नाही," असं म्हणून तिने त्यात खेळांसाठी दुसरी सिस्टीम घातली. एका घरात दोन बिऱ्हाडं. लॅपटॉप सुरू केला की तो दारातच विचारायचा, कोणाकडे जायचंय? गुरुजींनी वरचं नाव निवडायचं, अबोलीने खालचं. रोज कोण वाद घालत बसणार, म्हणून गुरुजी हो म्हणून मोकळे झाले.

आणि एक दिवस भातकुलीचे उत्तमराव आले. हा माणूस म्हणजे फिरता लाउडस्पीकर. काम झालं तर तालुकाभर नाव, नाही झालं तर तालुकाभर बोंब.

"महाराज, म्हैस सुटून गेली. आज-उद्या व्याची होती," ते म्हणाले. "कोन्या बाजूले पाहू, तेवढं सांगा."

गुरुजींनी बटण दाबलं. धनू लग्न आलं. "पूर्वेला बघा," त्यांनी ठणकावून सांगितलं. उत्तमराव मोटारसायकलवर बसून गेलेसुद्धा.

चहा घेऊन आलेल्या अबोलीची नजर पडद्यावर गेली. "बाबा, यात सकाळचे सहा काहून वाजून राहिले?"

गुरुजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा.

"अरे देवा, काल मी खेळली ना," अबोली म्हणाली. "माझी सिस्टीम लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात लंडनची वेळ लावून ठेवते, आणि तुमची सिस्टीम तीच इथली समजते. नेट असलं की आपोआप दुरुस्त होते. पण नेट कालपासून बंद आहे."

"म्हणजे मी उत्तमरावांची म्हैस लंडनच्या वेळेवर शोधली?"

अबोलीने चहा टेबलावर ठेवला.

गुरुजींनी खरी वेळ घालून पुन्हा कुंडली मांडली. मीन लग्न. उत्तर दिशा, पाण्याजवळ. उत्तमरावांचा फोन काही लागेना. शेवटी देवाचं नाव घेत ते अबोलीच्या स्कूटीवर मागे बसले आणि प्रत्येक खड्ड्याला गुडघा धरत भातकुलीला पोचले.

उत्तमराव भाऊ-पुतण्यांची फौज घेऊन शेतांतल्या पूर्वेच्या पांदणीला लागलेच होते.

"थांबा," गुरुजी धापा टाकत म्हणाले. "उत्तरेला चला. नाल्याकडे."

"आत्ता तं पूर्व म्हनत होते."

"लॅपटॉपमध्ये लंडनची वेळ लागली होती हो."

हे वाक्य उच्चारताना गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण फौज वळली. नाल्याच्या काठाने सगळे हिंडले. गुरुजीही धोतर सावरत, काटे काढत मागून हिंडले. दुसऱ्यांच्या म्हशी भेटल्या, एक ओळखीचा यजमान भेटला, उत्तमरावांची म्हैस तेवढी भेटली नाही. उन्हं कलली तेव्हा एका पुतण्याला शेजारच्या बुधाजीचा फोन आला. म्हैस पूर्वेच्या तुरीत उभी होती, सोबत नुकतीच झालेली वगार.

उत्तमराव गुरुजींकडे वळले. "महाराज, पयले बराबर सांगतलं होतं ना तुमी. मंग कायले फिरवलं?"

गुरुजी परत स्कूटीवर बसले. जन्मभर अभ्यास करून मांडलेली कुंडली खोटी ठरली आणि पोरीच्या खेळाने बिघडलेली खरी निघाली, हे त्यांना फार लागलं होतं. घरी नेट अजून बंदच होतं, म्हणून अबोलीने न सांगताच घड्याळ हाताने नीट करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर भातकुलीची चार माणसं बसलेली दिसली. उत्तमरावांनी बोंब मारलीच शेवटी, असं मनाशी म्हणत गुरुजी मान खाली घालून समोर बसले.

"महाराज, पोराच्या सोयरिकीचं विचाराचं होतं," त्यातला म्हातारा अदबीने म्हणाला. "पन आपल्या टाइमानं नोका पाहू. उत्तमरावनं सांगतलं, लंडनच्या टाइमानं एकदम पक्कं निघते."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. गुरुजींना आपले गुरू आठवले, मग बडनेऱ्याचा तो मोबाइलवाला आठवला. मग त्यांनी लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत नेला आणि हळू आवाजात म्हणाले,

"अबोली, बेटा, आधी तू थोडा वेळ खेळून घे."