गेनूतात्यांचा गुरुवार

गेनूतात्या कुणाचं नाव विचारत नाहीत. "तुमच्याकडं बाजार कंच्या वारी?" एवढंच विचारतात, आणि तो वार हेच त्या माणसाचं नाव होऊन बसतं. मी मंगळवार. चहावाला सोमवार. आमच्या चाळीत परभणीकडचे दोघे भाऊ राहतात, ते थोरला शनिवार आणि धाकटा शनिवार. सोसायटीत वाढलेल्या एका इंजिनिअरला सांगायला वारच नव्हता. "म्हंजी बिनवारी," तात्या म्हणाले. तो आजही बिनवारीच आहे.

चाकणच्या अलीकडचं हे गाव. कंपन्यांना सुट्टी गुरुवारी आणि गावचा बाजारही गुरुवारी. सुट्टीमुळे बाजाराला गर्दी होते असं मी एकदा म्हटलं, तर तात्या चिडले. "बाजार पयला. कंपन्यांनी आमचा वार उचलला."

मैदानाच्या कोपऱ्यात पोतं टाकून ते दोर विकतात. कासरे, दावी, घुंगुरमाळा. एकेकाळी हाच माल घेऊन ते जुन्नर-मंचरपर्यंत बाजार करायचे. आता गावात बैल उरलेत ते शर्यतीपुरते. दोरी मागतात ते भाडेकरू, कपडे वाळत घालायला. तात्या कासरा पुढं करतात आणि गंभीरपणे विचारतात, "बैल बांधनार कुठं? गॅलरीत?"

तर हे मैदान ट्रकच्या पार्किंगला द्यायचा ठराव झाला. बाजार हायवेच्या पलीकडं न्यायचा. मी सरळ सांगते, हायवे ओलांडायला तिथं पूल नाही आणि ठराव करणाऱ्यांतला एकही जण पायी चालत नाही. मी पत्रक काढलं. मथळा होता, 'गरिबांच्या पोटावर पाय'. तात्यांना वाचून दाखवलं.

"पोटाचं कशाला लिवलं?" ते म्हणाले. "मानूस बाजारला तोंड घिऊन येतो. बोलाया."

"ते राहू द्या. मोर्चाला येणार ना?"

"कवा हाय?"

"गुरुवारी."

"मग न्हाई जमायचं, मंगळवार. बाजार असतो."

त्या गुरुवारी मैदानाला पत्र्याचं कुंपण लागलं. भाजीवाल्या घाबरून फाट्यावर रस्त्याकडेला जाऊन बसल्या. मोर्चासाठी मी आले, तर दुसरं कुणी आलंच नव्हतं; आत फक्त तात्या, त्यांचं पोतं आणि एक सिक्युरिटीवाला.

"बाबा, बाजार बंद झालाय," तो सांगत होता.

"तुझ्याकडं कवा असतो?"

"बुधवारी."

"मग बुधवार, मी इकनारा, तू घेनारा. भरला बाजार."

मला वाटलं, याला म्हणतात लढा. पुढच्या पत्रकाचा मथळाही मनात तयार झाला. तेवढ्यात तात्यांचा मुलगा स्कूटरवरून उतरला, हातात दोन रिकाम्या पिशव्या. जमीन कंपन्यांना गेल्यावर त्यानं निगडीला फ्लॅट घेतला. तात्या तिथं महिनाभर राहिले आणि परत आले. "समदी दार लावून बसत्यात," एवढंच कारण सांगितलं. मुलगा दर गुरुवारी येतो, भाजी घेतो, बापाच्या पोत्यावर जरा टेकतो आणि जातो. मधल्या सहा दिवसांत तात्यांकडं कुणी येत नाही.

त्यानं रिकाम्या मैदानावर नजर फिरवली. "तात्या, बाजारच नाही की. मग निघतो मी. निगडीतच घेतो भाजी. इथून पुढं तिकडंच घ्यावी लागंल."

"बस जरा. मेथीवाली यायचीय."

"खरंच येतीय का ती?"

"निघालीय. फोन केला हुता मी."

तात्यांकडं फोन नाही. मुलालाही ते ठाऊक असावं. तात्यांनी कासरे एका अंगाला सारून पोत्यावर जागा केली आणि तो बसला. सिक्युरिटीवाला पत्र्याकडं तोंड करून उभा राहिला.

मी पत्रकांचा गठ्ठा तिथंच ठेवला आणि फाट्याकडं निघाले. मेथीवालीला घेऊन यायचं होतं. आज, आणि दर गुरुवारी.