येतो म्हणजे गुडबाय

पेडण्याच्या हायस्कुलातली बावीस मुलं डोक्यावर पेटत्या समया तोलत करायचं दिवली नृत्य घेऊन युरोपच्या बसदौऱ्यावर निघाली, तेव्हा मधुकर सरांनी तीन नियम सांगितले होते. उशीर करायचा नाही, उलटी पिशवीतच करायची, आणि ड्रायव्हरशी फक्त गौरवीने बोलायचं.

तिसरा नियम ऐकून गौरवीची मान वीतभर लांब झाली. गेल्या वर्षापर्यंत हिचं हजेरीतलं ‘यस सर’सुद्धा घशातच अडकायचं. मग तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिला चुकून उभं केलं, तिने चुकून पहिलं बक्षीस आणलं, आणि तेव्हापासून तिचं तोंड काही मिटलं नव्हतं. ऑस्ट्रियातल्या लोकनृत्य महोत्सवात इंग्रजी निवेदनही तीच करणार होती. सरांची अट एकच, तोवर एकही घोळ घालायचा नाही.

ड्रायव्हर मारेक पोलंडचा. दाराएवढा उंच, घड्याळाच्या काट्यावर चालणारा, आणि त्याला शिकायची भारी हौस. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, बसमधून उतरताना ही सगळी मुलं मला ‘येतो हां’ म्हणतात, ते काय?

“मीन्स गुडबाय,” गौरवी म्हणाली.

“सो, आय गो?”

“नो नो. ‘जातो’ व्हेरी बॅड. ओन्ली डेड मॅन गोज.” उरलेलं तिने हातांनी समजावलं. “इन अवर गोवा, नोबडी गोज. एव्हरीबडी कम्स.”

मारेकने ते वहीत उतरवून घेतलं. त्या दिवसापासून तो पंपावरच्या माणसांना, टोलच्या खिडकीला, एकदा तर कुरणातल्या गायीलाही ‘येतो’ म्हणून हात हलवू लागला. आपण युरोपला काहीतरी दिलं, असं गौरवीला वाटलं.

महोत्सवाच्या दिवशी सकाळी बस हायवेवरच्या एका पंपावर थांबली. कार्यक्रम चार वाजता होता. “वीस मिनिटं,” सर म्हणाले. “मागे राहील त्याला सोडून बस जाईल. मग तो मी असलो तरी.” आणि ते थर्मास घेऊन गरम पाणी शोधायला गेले, कारण पाच दिवस थंड पाव आणि चीज खाऊन त्यांचं पोट रुसलं होतं. सोबत आलेल्या वत्सला टीचर बस लागू नये म्हणून गोळी घेऊन झोपल्या होत्या. तेव्हा विसाव्या मिनिटाला गौरवीनेच पार मागच्या सीटपर्यंत जाऊन डोकी मोजली. बावीस.

“ऑल ओके, मारेक,” ती तिथूनच ओरडली.

एरवी मोजायचे ते सरच. त्यामुळे सरांनाही मोजायचं असतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

बस हलली. पुढून मारेकचा आनंदी आवाज आला, “येतो, येतो.” उच्चार सुधारला हं, असं मनाशी म्हणत गौरवी मागेच बसली.

वीसेक किलोमीटरवर वत्सला टीचरांना जाग आली. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

“मधुकर सर खंय रे?”

गौरवीच्या वर्गातल्या सर्वेशने वाकून सीटखाली पाहिलं, जणू सर म्हणजे हरवलेली चप्पल. कोणीतरी सरांना फोन लावला. तो सरांच्याच पिशवीत, नाचाला ते वाजवायचे त्या मातीच्या घुमटाला टेकून वाजला.

गौरवी धावत पुढे गेली. मारेक शांत होता. सर? सर तर गेले. धावत आले, दोन्ही हात वर केले, तीनदा ‘येतो’ म्हणाले. मग मीही म्हटलं. दुसऱ्या कोणाबरोबर जात असतील, मी कशाला विचारू?

गौरवीच्या तोंडचं पाणी पळालं.

“शाबास गो,” सर्वेश म्हणाला. “तुझो शिष्य फर्स्ट क्लासात पास झालो.”

“तू गप बस.”

“मी गप बसतंय. पण चार वाजता घुमट कोण वाजयतलो? मारेक?”

पेडण्याचा बसवाला असता तर त्याने तिथेच रिव्हर्स घेतला असता. इथे वळायला पुढचा फाटा गाठावा लागला. बस परत पंपावर पोचेपर्यंत साडेअकरा झाले, आणि सर तिथे नव्हते.

“थर्मासवाले ना?” काउंटरवरची बाई इंग्रजीत म्हणाली. “त्याच महोत्सवाला जाणारं म्हाताऱ्यांचं एक गायन मंडळ आलं होतं. त्यांच्या बसने गेले. तुमच्यासाठी निरोप आहे, ‘आय अ‍ॅम कमिंग.’”

“बघ, परत हंयच येतंत म्हणान सांगलां,” वत्सला टीचरांचा जीव भांड्यात पडला. “मग थांबूया हंयच. आता चुकामूक नको.”

सगळे थांबले. तासभर. सर्वेशने बटाट्याच्या काचऱ्यांची तीन पाकिटं संपवली. गौरवी मनातल्या मनात निवेदनाऐवजी माफीची तालीम करत होती. आणि ती करता करताच तिच्या डोक्यात लख्ख काहीतरी पेटलं. ती परत काउंटरकडे गेली.

“हे वाक्य ते नेमकं कधी बोलले?”

“बसमध्ये चढताना. हात हलवत.”

गौरवी टीचरांपुढे येऊन उभी राहिली. “टीचर, सर येत नाहीत. सर गेले.”

“अगे, असं अभद्र काय बोलतंस?”

“‘येतो’ म्हणून गेले, टीचर. इंग्रजीतून.”

बस महोत्सवाच्या दारात पोचली तेव्हा चाराला दहा कमी होते. मारेक पार्किंग शोधायला गेला. रंगमंचामागे सर दहा-बारा आजी-आजोबांच्या मधोमध बसले होते. डोक्यावर कोणाची तरी पीस खोचलेली टोपी, हातात गरम सूपचा वाडगा. मुलांना बघून त्यांनी आधी वाडगा खाली ठेवला.

“मारेकला तो शब्द कोणी शिकवला?”

सर्वेश छताकडे पाहू लागला. मारेकने चुकीचं ऐकलं असं म्हणता आलं असतं. तो इथे नव्हताही.

“मी, सर,” गौरवी म्हणाली.

“मग निवेदन आज मीच करणार. कागद दे.”

तिने कागद दिला. गेल्या वर्षीचा तो अडकलेला शब्द पुन्हा घशात येऊन बसला. तरी तिने तो बाहेर ढकलला.

“सर, एक विचारू? पंपावरच्या बाईंना तुम्ही काय सांगून आलात?”

“साध्या इंग्रजीत सांगितलं. आय अ‍ॅम कमिंग.”

“आम्ही तिथे तुमची एक तास वाट पाहिली, सर.”

वत्सला टीचरांना अचानक खोकला आला. सरांनी कागद वाचल्यासारखं केलं, टोपी काढली, पुन्हा कागद वाचल्यासारखं केलं. मग तो तिच्या हातात ठेवला.

“इंग्रजी तूच बोल. मी घुमट वाजवतो. त्याचं भाषांतर करावं लागत नाही.”

पलीकडे घंटा झाली. मुलींनी दिवल्या डोक्यावर घेतल्या. गौरवी पायऱ्यांपाशी गेली, थांबली, आणि आता कोणाचाही गैरसमज होऊ नये म्हणून अगदी स्पष्ट म्हणाली, “जाते, सर.”

सर दचकले. “अगे, जाते काय? चांगल्या कामाला निघालीस ना?”

“मग काय म्हणू?”

सरांनी पडद्याआडून डोकावत मारेक जवळपास नाही याची खात्री करून घेतली, आणि हळूच म्हणाले,

“येते म्हण.”