देवरामदादांची हद्द

सकाळी जव्हारच्या स्टँडवर जीप लावली की देवरामदादा आधी हद्द आखतात. पाण्याची बाटली उघडायची, जीपभोवती एक फेरी मारायची आणि चारही चाकांपाशी थोडं थोडं पाणी सांडायचं. नव्या प्रवाशाला वाटतं, धूळ बसवतायत. एखादा भाविक माणूस तर पूजा समजून हात जोडतो. मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी माझी जरा कीव केली.

"सिस्टर, सिंह हद्द दाखवायला झाडावर मुततो. मला स्टँडवर तसं करता येत नाय. म्हणून बाटली."

मी सूर्यमाळच्या बाजूच्या पाड्यांवर नर्स आहे. घर जव्हारला. रोजचं जाणं-येणं त्यांच्याच जीपमधून, पुढच्या सीटवर, मांडीवर लशींचा डबा घेऊन. त्यामुळे सिंहांविषयी मला जे माहीत आहे ते आमच्या खात्यात दुसऱ्या कोणाला माहीत असेल असं वाटत नाही.

आमच्याकडे कधीमधी बिबट्या येतो, कोंबड्या नेतो, चार दिवस चर्चा होते. सिंहाचा इथे काही संबंध नाही. देवरामदादांचा सिंह गुजरातेतून आला. तरुणपणी ते कामाला वापीला गेले, तिथून ट्रकवर चढले आणि फिरत फिरत गीरला पोचले. तिथे नर सिंहांचा अभ्यास करणाऱ्या एका मॅडमना ड्रायव्हर हवा होता. अट एकच, माणसाला तासन्‌तास गप्प बसता आलं पाहिजे. देवरामदादांची निवड झाली. आज त्यांना ओळखणारा कोणीही या गोष्टीवर विश्वास ठेवत नाही. ते स्वतः म्हणतात, "तिथं साठवलं, सिस्टर. आता खर्च करतो."

त्यांचा तिथला पहिला दिवस साऱ्या मोखाडा तालुक्याला पाठ आहे. जंगलातला वाटाड्या हळूच म्हणाला, "सावज छे." आपलं सावज म्हणजे शिकार, ससा नाहीतर हरीण. दादांना वाटलं, उतरून बघू तरी. ते उतरले, दोन झुडपं ओलांडली आणि समोर आयाळवाला सिंह. गीरमध्ये सिंहालाच सावज म्हणतात, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

"मग काय केलंत?" जीपमध्ये कोणीतरी विचारतंच.

"काय करणार? त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, चुकलं भाऊ, भाषेचा घोटाळा हाय. आणि पाठ न दाखवता मागं आलो."

मॅडम सिंहांना नंबर देत. दादांनी नावं ठेवली होती. त्यांच्या वाट्याला आलेली जोडी होती सरपंच आणि उपसरपंच. दोन्ही नर, एका आईचे नव्हेत. तरणे झाल्यावर आपापल्या कळपातून बाहेर काढलेले, एकएकटे भटकणारे. कुठेतरी गाठ पडली, आधी गुरगुरले, मग एकत्र फिरू लागले आणि दोघांनी मिळून एक मोठी हद्द जिंकली. संध्याकाळी भेटले की कपाळाला कपाळ घासायचे. सिंहिणींच्या बाबतीत सरपंचाचा मान पहिला, उपसरपंचाला उरलंसुरलं.

"मग तो सोडून का नाही गेला?" मी एकदा म्हटलं.

"जाऊन करील काय? एकट्या नराला हद्द टिकवता येत नाय, सिस्टर. आणि हद्द काय ऐटीसाठी नसते. बाहेरचे नर आले, हद्द घेतली, की आधी पिल्लं मारतात. बापानं हद्द राखली तर पिल्लं मोठी होतात. एवढाच हिशेब."

पुढे उपसरपंच म्हातारा होऊन मेला, सरपंचाला दोन तरण्या नरांनी हुसकावलं, मॅडमचं काम संपलं आणि देवरामदादा परत आले. तोवर त्यांची बायको वारली होती. मुलगी आजोळी वाढली, मग लग्न होऊन नाशिकला गेली. हे सगळं ते एका वाक्यात सांगतात आणि पुन्हा सिंहांकडे वळतात.

जव्हारमधल्या समस्त पुरुषांचे त्यांनी दोन भाग केले आहेत, हद्दीतले आणि फिरस्ते. कचेरीत बदलून आलेला नवा क्लार्क फिरस्ता, "बघा, अजून भिंतीच्या कडेनं चालतो." चहाच्या टपरीचा मालक हद्दीतला, दारात छाती काढून उभा राहतो म्हणून. माझे यजमान शाळेत शिक्षक आहेत. त्यांच्याविषयी मी आपण होऊन विचारलं, ही माझीच चूक. दादा विचार करून म्हणाले, "साहेब हद्दीतले हायत. पण डरकाळी नाय." मी घरी हसत हसत सांगितलं. दुसऱ्या दिवशी मला सोडायला आलेले यजमान स्टँडवर विनाकारण दोनदा मोठ्याने खाकरले. दादांनी मान डोलावली.

आता काशिनाथविषयी सांगायला हवं. काशिनाथ पोशेरा गावचा, दादांपेक्षा बराच लहान, त्याचीही जीप याच जव्हार-मोखाडा रस्त्यावर. कमी बोलणारा, तोंडात सतत काडी. त्याचं आणि दादांचं पटत नसे. सूर्यमाळच्या फाट्यावर उभे असलेले प्रवासी कोणाचे, यावरून दोघांची रोज तणतण. काशिनाथ पुढे जाऊन प्रवासी उचलायचा, दादा मागून येऊन भर रस्त्यात भाषण द्यायचे.

एके वर्षी बाहेरून गाड्या आल्या. खाली कुठल्या तरी मोठ्या गावातल्या एका माणसाच्या चकचकीत गाड्या, गाण्यांच्या आवाजासकट. भाडं कमी. लोक खूश झाले, मीही झाले. पण त्या गाड्या फक्त हमरस्त्यावर धावायच्या. पाड्याकडे वळायचं नाव नाही. जव्हार-मोखाड्याचे सगळे प्रवासी त्यांनी नेल्यावर पाड्यापर्यंत जाणं कोणाला परवडणार? इकडचे दोन जीपवाले धंदा सोडून भिवंडीला कामाला गेले. मला फाट्यावरून डबा घेऊन चढ चढावा लागू लागला. एकदा दिवस भरलेल्या बाईला आम्ही झोळीत घालून खाली आणलं. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली.

दुसऱ्या दिवशी मी ते दादांना सांगितलं. त्यांनी पोशेऱ्याकडे जीप वळवली, काशिनाथच्या दारात थांबवली आणि मला म्हणाले, "तुम्ही पण या. एकटा गेलो तर मारील."

काशिनाथ अंगणात जीपचा टायर काढत होता. त्याने वर पाहिलं.

"काशा," दादा म्हणाले, "जोडी करू."

"कसली जोडी?"

"हे बघ, भावाभावांचीच जोडी होते असं काय नाय. अनोळखी नर पण एकत्र येतात. आधी गुरगुरतात..."

"तू मला जनावर म्हनतो काय?"

"जनावर नाय म्हणत. सिंह म्हणतो."

"आनि सरपंच कोन?"

म्हणजे यानेही सगळ्या गोष्टी ऐकल्या होत्या तर! दादा अडखळले. मी जीभ चावून उभी. शेवटी ते म्हणाले, "तू हो. मला उपसरपंच चालतो."

काशिनाथने तोंडातली काडी काढून टाकली. बायकोला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. दादा पुढे होऊन आपलं कपाळ त्याच्या कपाळाजवळ नेऊ लागले, तेव्हा मात्र तो टायरमागे सरकला. "ते नाय. ते नाय करायचं," म्हणाला.

ठरलं असं, की एकाने जव्हारहून निघायचं, दुसऱ्याने मोखाड्याहून. प्रवासी ज्याच्या वाटेत त्याचे, आणि पाड्यांची फेरी आळीपाळीने दोघांनी करायची, मग जीपमध्ये चार माणसं असोत नाहीतर एक. बायकांनी ही बातमी पाड्यापाड्यांवर नेली. बाजाराच्या दिवशी चकचकीत गाडी समोर उभी असूनही टोपल्या घेऊन बाया आमच्याच जीपची वाट बघू लागल्या.

हे त्या चकचकीत गाडीवाल्यांना सोसलं नाही. एका सकाळी मोखाड्याच्या अलीकडच्या चढावर दोन गाड्या आडव्या उभ्या. पाच-सहा दांडगे पोरगे खाली उतरलेले. एकाने दादांच्या बाजूचं दार उघडलं.

"चाचा, उद्यापासून ही लाईन बंद."

दादा खाली उतरले. किडकिडीत माणूस, अंगात खाकी शर्ट. ते नुसते उभे राहिले, हात मागे बांधून. तेवढ्यात समोरून काशिनाथची जीप आली. त्याने ती शांतपणे कडेला घेतली, उतरला आणि येऊन दादांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. तो पोरगा बोलत होता, आवाज चढवत होता.

मग आमच्या जीपचं मागचं दार उघडलं. नाचणीचं गाठोडं घेतलेली म्हातारी उतरली. तिच्यामागून दुसरी बाई, मग तिसरी, कडेवर मूल असलेली. काशिनाथच्या जीपमधल्याही उतरल्या. मी डबा सीटवर ठेवला आणि उतरले. सगळ्याजणी त्या दोघांच्या मागे जाऊन उभ्या राहिलो. म्हातारीने पोराला विचारलं, "आमचे पाड्यावर तू येशील का रं? रोज? पावसात?"

त्याने मागे वळून आपली माणसं पाहिली, पुढे आमची पाहिली. गाड्या निघून गेल्या. थोड्या दिवसांनी त्या रस्त्यावरही दिसेनाशा झाल्या.

जीपमध्ये परत बसल्यावर दादांची किल्ली लागेना. "सिंह मारामारी शक्यतो करत नायत," ते म्हणाले. "समोरच्या डरकाळ्या मोजतात. जास्त वाटल्या की निघून जातात." मग जरा थांबून म्हणाले, "पण हे सिंहिणींचं... एवढं मी गीरमध्ये पण नाय बघितलं."

त्यानंतर दोघांची जोडी खरोखर जमली. वाटेत समोरासमोर आले की जीपा शेजारी-शेजारी थांबायच्या. दादा बोलायचे, काशिनाथ ऐकायचा, मागचे प्रवासी कुरकुरायचे. दोन मिनिटांनी काशिनाथ म्हणायचा, "झालं काय? जाऊ?"

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आम्ही मोखाड्याला पोचलो तर काशिनाथ आपल्या जीपला टेकून बसलेला. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोंबत होता. मी त्याला हात उचलायला सांगितलं, नाव सांगायला सांगितलं. दोन्ही जमेना. "दादा, लकवा आहे. वेळ घालवू नका, नाशिकला घ्या," मी म्हणाले. आमच्या जीपमधले प्रवासी न सांगता उतरले. काशिनाथची बायको पोशेऱ्याला होती, तिला निरोप धाडला. काशिनाथचं डोकं माझ्या मांडीवर. त्र्यंबकच्या रस्त्याने दादा जीप चालवत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. एवढ्या वर्षांत ती जीप मी इतकी शांत कधी अनुभवली नव्हती. फक्त एकदा आरशात बघून त्यांनी विचारलं, "काशा, हायस ना?" काशिनाथने डाव्या हाताने सीटवर थाप मारली.

वेळेत पोचलो, माणूस वाचला. नाशिकला मुलगी असूनही दादा तिच्या घरी गेले नाहीत, दवाखान्याच्या आवारातच जीपमध्ये झोपत होते. मुलगी डबा घेऊन यायची. तिने मला सांगितलं, "बाबांना मी सारखं म्हणते, इथे येऊन राहा. तिकडे घरात कोणी नाही. म्हणतात, घरी असतो कुठे? दिवसभर जीपमध्ये माणसं असतात. बोलायला मिळतं."

मी दादांच्या घराचा विचार त्याआधी कधी केला नव्हता. रोज संध्याकाळी सगळ्यांना सोडून ते जातात, एवढंच मला ठाऊक होतं.

काशिनाथ घरी आला. पाय बऱ्यापैकी सुधारला, हात नाही. गाडी चालवणं संपलं. बोलणंही तुटक, एकेक शब्द शोधून आणल्यासारखं. घरात बसून तो नुसता भिंतीकडे बघतो, असं त्याची बायको म्हणाली. दुसऱ्याच सकाळी दादांनी पोशेऱ्याला जीप नेली, त्याला आधार देऊन पुढच्या सीटवर बसवलं आणि मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आजपासून मागं." तेव्हापासून रोज असंच चाललं आहे. काशिनाथची जीप त्याचा मेहुणा चालवतो, पाड्यांची फेरी चुकत नाही.

होळीच्या सुमारास आम्ही घाट चढत होतो. मागे पाच बाया, मी, डबा. दादा वळणावर नेहमीसारखे रंगात आले होते. तेवढ्यात काशिनाथने डावा हात उचलला.

"दे... देव..."

दादांनी बोलणं तोडलं. जीप कडेला घेतली. इंजिनाच्या आवाजात शब्द हरवतात, म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं. मागे कोणी काही म्हणालं नाही. काशिनाथचे ओठ हलत होते, शब्द सापडत नव्हता. दादा त्याच्याकडे वळून, स्टिअरिंगवर हात ठेवून वाट बघत बसले. एक बस आम्हाला ओलांडून गेली, मग एक मोटरसायकल.

"मोहाला," काशिनाथ म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "फुलं... आली."

दादांनी खिडकीतून वाकून उतारावरच्या झाडाकडे नीट पाहिलं.

"हो रे," ते म्हणाले. "आली. आणखी सांग."