उठनाऱ्यायचा माळी

दावीदभाऊजीले मानूस भेटला का तो पयले त्याची लांबी पाहे. रामराम मंग. डोक्यापासून पायापरेंत डोळे फिरवे आन ओठातल्या ओठात म्हने, "साडेतीन हात. खांदे रुंद हायेत, पन बसते."

बसते म्हन्जे कबरीत बसते.

एकडाव बजारात कापसाचा एक जाडा अडत्या उभा होता. भाऊजीनं त्याच्या पोटाकडं पाह्यलं आन उसासा टाकला.

"काय पाहून राह्यला बे?"

"काही नाही सेठ. तुमचं जरा खोदकाम जास्त यीन."

"आमच्यात जाळतेत बे!"

"हाव ना," भाऊजी हळहळला, "तेच तं नुकसान हाय."

सेठ जोडा काढून मांगं लागला. भाऊजी पळता पळता म्हने, "चालीवरून पाह्यलं तं चार हात भरसाल सेठ!"

आमचं घर आकोल्यात, मोरनेच्या उगवतीकडच्या काठाले. त्याले लागून भाऊजीची भाजीची वाडी. तवा गावाले कापसाचं याड लागलं होतं. दूर कुठं गोऱ्या-गोऱ्यायची लढाई चालू होती म्हनत, तिकडचा कापूस बंद झाला, आन आमच्या वऱ्हाडच्या कापसाले सारे हात पसरून राह्यले. गाडीमांगं गाडी. माहा मालक गाडी हाके. मी दिसभर रेच्यावर बसून रुई काढत होती. सरकी एकीकडं पडे, रुई एकीकडं, आन बाकीचं सारं माह्या नाकात. तो खोकला आजपरेंत गेला नाही. असो.

भाऊजी मुळचा गनू माळी. एका तापात पादरीसायबाच्या औषदानं वाचला, मंग बाप्तिस्मा घिऊन दावीद झाला. जातवाल्यायनं वाळीत टाकलं. त्याले टाकलं ते टाकलं, त्याच्या वांग्यायलेबी टाकलं. पन वांगे होते लोन्यासारखे. मंग बाया माह्याकडं येत. "दावीदचे तं नाहीत ना वो?" म्हनत. मी म्हनो, "माह्या आंगनातले हायेत." माह्या आंगनात तुळशीबिगर काही उगवत नोतं हे साऱ्या आकोल्याले माहीत होतं.

बायको सारजा मातर किरिस्ताव झाली नाही. तिचे भाऊ पातूरहून येऊन येऊन थकले, पन तिनं घर सोडलं नाही. म्हने, "त्याचा देव बदलला, भूक तं तेच हाय ना? भाकर कोन थापीन?"

पादरीसायबानं भाऊजीले कबरस्तानाचं काम देल्लं. किरिस्तावायचे घरं चार-पाच, कबरी दहा-बारा. पन माळ्याचा हात तो! त्यानं कबरीयचे वाफे केले. महिन्याचे महिन्याले खुरपनी. कोनी कबरीवर धोंडा बसवाले आला का भांडे, "उठनाऱ्याच्या छातीवर वझं काहून ठेवता?"

पादरीसायब पोथीसारखं मराठी बोले. एकदिवशी तो म्हने, "दावीद, ही वांगी नव्हेत. ही माणसे आहेत."

"हाव सायेब. पन मेलेले शेवटल्या दिवशी उठनार हायेत असं तुमीच सांगतलं ना? काळी माती हाय. दगडासारखी झाली तं उठनारा का दातानं फोडीन?"

सायबानं दाढी खाजवली आन घोड्यावर बसून निंघून गेला.

उन्हाळ्यात आमच्या मातीले हात जाईन एवढ्या भेगा पडतेत. भाऊजी घमेल्यानं माती आने आन त्या बुजवे. वरतून कबरीले समजावे, "निजा, निजा. अजून वेळ हाय." त्याचं एकच बोलनं होतं. मेथी पेरली तरी तेच, मानूस पुरला तरी तेच. "उठते. सबूर पायजे." सारजा मले म्हने, "वयनी, ह्यो सकाळी मलेबी असाच उठोते. खांद्याले हात लावून म्हन्ते, उठ वो, शेवटला दिवस आला!" आन खदखद हासे.

मंग मरी आली.

गाड्यायसंग आली म्हनत. वाटसरू बसल्या जागी उलटी करे आन सांजपरेंत जाये. पादरीसायबाचा खानसामा गेला. भाऊजी त्याची कबर खनाले गेला. सारजा सकाळी चांगली होती, माह्याशी बोलली. दुपारी गेली. तिचे भाऊ तवा कापूस घिऊन आकोल्यातच आले होते. म्हने, "आमची बहीन हाय. तिचा काही बाप्तिस्मा झाला नाही. आमी आमच्या रीतीनं नेतो."

मी म्हनलं, "नवऱ्याले तं येऊ द्या!"

"तो पुरीन तिले."

मी एका बाईले कबरस्तानात धाडलं. भाऊजी फावडं घिऊनच पळत आला. तवरेंत मोरनेच्या काठी धग उठली होती. तो दूर उभा राह्यला. मले म्हने, "वयनी, साऱ्या आकोल्याची लांबी मले पाठ हाय. हिचीच कधी पाह्यली नाही."

राख मोरनेत टाकली. मोरनेले पानी होतं.

त्या दिवसापासून भाऊजी 'उठते' म्हने ना. मेथीले फुलं आले, वांगे झाडावरच पिवळे झाले. कबरीयच्या भेगा बुजवे, पन बोले ना. एकच गोष्ट त्याच्या डोक्यात बसली: जाळलेलं उठते का?

त्यानं पादरीसायबाले इचारलं. सायब म्हने, "दावीद, ज्याने मातीतून माणूस घडविला त्याला राख काय जड आहे? तो तिला उठवील."

"हाव सायेब. पन कुठं? राख तं पान्यात गेली. आमच्यातले सारे रांगेनं उठतीन, एकमेकायच्या वळखीनं. ती नदीत उठीन एकटी. तिले कोन सांगीन का हे काय होऊन राह्यलं? ती भिते ना, सायेब."



दोन वर्सं भाऊजी तसाच राह्यला. मंग त्याले ताप भरला. मी पेज घिऊन गेली तं तो म्हने, "वयनी, एक काम हाय. तुमी आमच्यातल्या नाही, पन तुमीच करसाल."

"सांगा."

"आमच्यात मेल्याचे पाय उगवतीकडं ठेवतेत. शेवटल्या दिवशी देव, आमचा धनी, तिकडून येनार, उठलं का समोर तोच दिसावा म्हनून. माहे पाय नदीकडं करा, मावळतीले."

मी म्हनलं, "अन् धन्याकडं पाठ?"

"धन्याले समजते. दोन घडी थांबीन तो. मी पयले नदीत उतरतो, तिच्या खांद्याले हात लावतो, मंग दोघंबी जातो. ती उठते, वयनी." दोन वर्सानं त्यानं तो शबुद काढला. मंग म्हने, "तुमचा मालक बाळापूरच्या वाटेवरच जळाला ना?"

माहा मालक त्याच मरीत गेला होता. वाटेतच. संगतीच्या गाडीवानायनं तिथंच काटक्या गोळा करून जाळला; गाडीचे बैल त्या गडबडीत सुटून गेले. राखबी मी पाह्यली नाही. मी नुसती मान हालवली.

"नदीच्या पल्याडच तं हाय. मी त्यालेबी हाक मारतो. काही निरोप हाय का?"

मी म्हनलं, "पेज प्या."

दुसऱ्या दिवशी तो गेला. किरिस्तावायच्या दोघा मानसायनं कबर खनली आन त्यानं सांगतलं तसे त्याचे पाय नदीकडं केले. माहे जातवाले वाटेवर उभे राहून पाहत होते, पन मी गेली. तेवढ्यात पादरीसायब आला. म्हने, "हे चुकले आहे. पाय पूर्वेस हवेत."

मी कधी सायबाशी बोलली नोती. पदर दाताखाली धरला आन बोलली, "सायेब, त्याले पयले बायको आनाची हाय."

सायबानं मोरनेकडं पाह्यलं. मंग त्यानं टोपी काढली आन मानसायले हातानं दाखवलं, उतरवा.

मी काही किरिस्ताव झाली नाही. पन सारे माती लोटून निंघून गेल्यावर मी खाली बसली, मातीले हात लावला आन निरोप सांगतला. म्हनलं, "भाऊजी, त्याले म्हना, बैल तिसऱ्या दिवशी आपल्या पायानं घरी आले. दोघंबी."